सिबिलच्या वहीतली खाडाखोड

“मॅडम, तुमचं सिबिल मार खातंय.” सिबिल म्हणजे माणूस उधारी कशी फेडतो यावरून बँका त्याची पत जोखतात तो आकडा, आणि त्यामागची नोंद.

बँकेतला तो मुलगा वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा होता आणि बोलायला गोड. संगणकाचा पडदा त्याने माझ्याकडे वळवला नाही, पण एका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवली. एक क्रेडिट कार्ड. थकबाकी ४,७३० रुपये. शेरा, ‘रिटन ऑफ’. म्हणजे कुठल्याशा बँकेने ते पैसे बुडाले असं धरून खात्यातून काढून टाकले होते. बुडवणारी मी.

ही २०२३ सालातली गोष्ट. नाशिकमध्ये आम्ही फ्लॅट घेत होतो, बिल्डरशी करारनाम्याची तारीख ठरली होती, आणि हे कार्ड कुठलं तेच मला आठवेना. घरी येऊन जुने कागद उपसल्यावर उलगडा झाला. २०१७ साली एका मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेल्या पोराने ‘लाइफटाइम फ्री’ म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं होतं. दोन-तीनदा वापरलं. २०१९मध्ये फोन करून बंद करायला सांगितलं, पलीकडून ‘डन मॅडम’ असं उत्तर आलं, मी कार्ड कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं आणि विसरून गेले. बँक विसरली नव्हती. आयुष्यभर फुकट असलेल्या त्या कार्डाला २०२०मध्ये वार्षिक शुल्क लागलं. ४९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. बिलं मी केव्हाच सोडून दिलेल्या ईमेलवर जात राहिली. शुल्क भरलं नाही म्हणून विलंब शुल्क, त्या सगळ्यावर व्याज, व्याजावर पुन्हा जीएसटी. पैशांपर्यंत हिशेब काटेकोर होता, फक्त त्याचा पायाच खोटा होता.

मग फेऱ्या सुरू झाल्या. कार्डवाल्या बँकेला कळवलं, तर ‘नोंद काढण्यासाठी पत-माहिती कंपनीशी संपर्क साधा.’ म्हणजे कर्जदारांच्या नोंदी ठेवून स्कोअर देणारी सिबिलसारखी कंपनी. कंपनीकडे तक्रार टाकली, तर ‘आम्ही बँकेने पाठवलेली माहिती फक्त दाखवतो, बँकेच्या होकाराशिवाय बदलू शकत नाही.’ पुन्हा बँक. यावेळी मी २०१९च्या त्या फोनचं रेकॉर्डिंग मागितलं. उत्तर आलं, इतक्या जुन्या संभाषणाचं रेकॉर्डिंग उपलब्ध नाही. थकबाकीची नोंद मात्र उपलब्ध होती. करारनाम्याला आठ दिवस राहिले तेव्हा नवरा म्हणाला, “भरून टाक आणि मोकळी हो.” मी भरले. जे देणं मी लागत नव्हते ते फेडलं, आणि फेडल्यामुळे ते माझंच होतं असं ठरलं. ‘रिटन ऑफ’च्या जागी पैसे मागाहून भरल्याचा शेरा आला, ओळ तशीच राहिली.

यात रडण्यासारखं काही नाही. ४,७३० रुपयांनी मी रस्त्यावर आले नाही, कर्जही मिळालं. पण त्या आठवड्यात मला जे खटकलं ते अजून खटकतं. सिबिलविषयी आपण जे बोलतो, म्हणजे स्कोअर कसा वाढवावा, ७५०च्या वर कसा न्यावा, कार्डाच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये वगैरे, ते सगळं परीक्षेतल्या गुणांसारखं बोलणं आहे. पेपर कुणी तपासला आणि तपासणारा चुकला तर उत्तरपत्रिका कुणी दाखवायची, हे कुणी विचारत नाही. मला वाटतं, या व्यवस्थेचं सगळं दुखणं एका जागी आहे: नोंद खरी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जो नोंद करतो त्याच्यावर नाही. ज्याच्या नावावर नोंद झाली त्याने ती खोटी आहे हे सिद्ध करायचं, आणि तेही नोंद करणाऱ्याच्याच दारात जाऊन.

सिबिल हा शब्द आता झेरॉक्स आणि डालडासारखा झाला आहे. खरं तर ते एका कंपनीचं नाव. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड ही २००० साली स्थापन झाली, बँकांच्या भांडवलावर. पुढे अमेरिकेतल्या ट्रान्सयुनियनने तिचा बहुतांश हिस्सा घेतला आणि नावही ट्रान्सयुनियन सिबिल झालं. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. २००५चा पत-माहिती कंपन्यांचा कायदा आणि रिझर्व्ह बँकेचे नियम यांच्या चौकटीत चौघी चालतात. पण लोकांना वाटतं तसं हे सरकारी खातं नाही. आधार कार्डाची चूक दुरुस्त करायला जातो तशी मनाची तयारी करून माणूस जातो आणि मग त्याला कळतं की आपण एका खासगी कंपनीचे ग्राहकसुद्धा नाही. ग्राहक बँका आहेत. आपण माल आहोत. डिसेंबर २०२४मध्ये काँग्रेसचे खासदार कार्ती चिदंबरम यांनी लोकसभेत नेमका हाच मुद्दा काढला होता, की एका खासगी कंपनीच्या आकड्यावर प्रत्येकाचं कर्ज ठरतं आणि तो आकडा बरोबर आहे का हे पाहायची धड सोयच नाही. पक्ष कुठला का असेना, प्रश्न रास्त होता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. स्कोअर नव्हता तेव्हा काय सोन्याचा धूर निघत होता? कर्ज हवं तर शाखेच्या साहेबांच्या ओळखीचं कुणी लागायचं. दोन जामीनदार, तेही सरकारी नोकरीतले. आडनाव, गल्ली, कपडे, बोलण्याची ढब, सगळं तोललं जायचं. माझ्या वडिलांच्या एका मित्राला, उत्तम चालणारं पिठाच्या गिरणीचं दुकान असताना, बँकेने वर्षभर फिरवलं, कारण त्यांना जामीन राहणारा ‘वजनदार’ माणूस मिळेना. तीन आकडी नंबराला आडनाव दिसत नाही. रिक्षावाल्याच्या मुलीला तिने स्वतः वेळेवर भरलेल्या मोबाइलच्या हप्त्यांवर पुढचं कर्ज मिळतं, ही लहान गोष्ट नाही. म्हणून ‘सिबिल बंद करा’ या घोषणेत मी सामील होणार नाही. नोंदवही हवीच. खोट्या नोंदी खोडता येतील अशी हवी.

आणि हो, या वहीत ज्याने कधी उधार घेतलं नाही त्याला जागाच नाही. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या, चाळीस वर्षं वाणसामानसुद्धा रोखीने भरलेल्या माणसाच्या नावापुढे स्कोअरऐवजी ‘-१’ येतो किंवा ‘इतिहास नाही’ असा शेरा. वेळेवर भरलेलं घरभाडं यात धरलं जात नाही, वीस वर्षं न चुकता चालवलेली भिशी तर नाहीच नाही. जानेवारी २०२५च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने बजावलं, की केवळ आधी कर्ज घेतलेलं नाही म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याचा अर्ज नाकारू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी संसदेत तेच पुन्हा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं यावरून काय ते समजावं.

तर वहीत नोंद कशी होते? बँक ठरावीक दिवसांनी (आधी महिन्याला, १ जानेवारी २०२५पासून पंधरवड्याला) आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या कंपन्यांना पाठवते. हप्त्याची तारीख उलटून किती दिवस झाले त्याचा आकडा महिन्या-महिन्याच्या चौकटीत बसतो. ‘०००’ म्हणजे सगळं ठीक. मग ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेलं), ‘रिटन ऑफ’ असे शेरे. कायद्याने ही माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची असते. गणित करणारं सूत्र कंपनीचं, पण त्यात पडणारा कच्चा माल सगळा बँकेने पाठवलेला. कंपनी तो तपासत नाही, तपासण्याचं साधनही तिच्याकडे नाही. चूक कळली तरी बँकेने दुरुस्ती पाठवल्याशिवाय ती हात लावत नाही. म्हणजे फिर्यादी, साक्षीदार आणि निकाल लिहिणारा कारकून, तिन्ही कामं बँकेकडे. कंपनीकडे फक्त निकालाच्या प्रती वाटायचं काम.

इथे क्रेडिट कार्डाचा मामला इतर कर्जांहून वेगळा पडतो, आणि या फरकावर कुणी पुरेसं बोलत नाही. गृहकर्ज घेताना मी आकड्यावर सही केलेली असते. इतके लाख, इतका दर, इतके हप्ते. तिथे थकबाकी म्हणजे मी कबूल केलेलं आणि न दिलेलं देणं. कार्डाच्या बाबतीत बँक बसल्या जागी देणं निर्माण करू शकते. वार्षिक शुल्क, विलंब शुल्क, मर्यादा ओलांडल्याचं शुल्क, कधी फोनवर ‘हो’ म्हणवून घेतलेला विमा. एक पैशाची खरेदी न करता माणूस थकबाकीदार होऊ शकतो, जशी मी झाले. कार्डावरची वादग्रस्त थकबाकी हे कर्ज नसून बँकेने केलेला दावा आहे. पण वहीत दोन्ही एकाच शाईने लिहिलं जातं.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असं नाही. एप्रिल २०२२मध्ये तिने कार्डांविषयी जे निर्देश काढले त्यांतली कलमं वाचली की बाजारात काय काय चालत असणार याची यादीच मिळते. न मागता कार्ड पाठवून पैसे लावले, तर ते परत करा आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्या. कार्ड बंद करा म्हटल्यावर, बाकी काही देणं नसेल तर, सात कामाच्या दिवसांत बंद करा, नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये. कार्ड चालू होण्याआधी त्याची माहिती पत-कंपन्यांना पाठवू नका. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय थकबाकी कळवू नका. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यांवर चक्रवाढ लावू नका. चांगले नियम आहेत. माझं कार्ड २०१९ऐवजी २०२३मध्ये बंद करायला सांगितलं असतं तर रोजच्या ५०० रुपयांच्या हिशेबाने मीच बँकेकडून चांगली रक्कम वसूल केली असती, असं मी घरात विनोदाने म्हणते. नवरा म्हणतो, “हो, आणि तू बंद करायला सांगितलं होतंस याचा पुरावा?” विनोद तिथे संपतो.

कार्डाच्या व्याजाबद्दल दोन शब्द, कारण थकबाकी फुगते ती याच्यामुळे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली निर्णय दिला होता, की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ला, न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत, आयोगाचा नाही. कायद्याचा अर्थ तसा असेलही. परिणाम असा, की महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर आज राजरोस लागतो. समजा ५०,००० रुपये राहिले आणि दरमहा थकबाकीच्या पाच टक्के ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरावी लागणारी रक्कम, भरली. पहिल्या महिन्याचे २,५०० गेले. त्यात व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५. मुद्दलातून कमी झाले ४३५ रुपये. नवी एकही खरेदी न करता हे असंच चालू ठेवलं तर थकबाकी निम्मी व्हायला साडेसहा वर्षं लागतात. बिलावर बारीक अक्षरात तसा इशारा छापलेला असतो, आणि त्याच्याच शेजारी ठळक अक्षरात ‘मिनिमम ड्यू’चा आकडा.

आपल्याकडे दामदुपट नावाची जुनी रीत आहे. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्यातही हे तत्त्व आहे, परवानाधारक सावकाराला ते लागू आहे. बँकांना तो कायदा लागू नाही. माझे ५८८ रुपये तीनेक वर्षांत आठपट झाले. अर्थात त्यातलं बरंचसं ‘विलंब शुल्क’ होतं, व्याज नव्हे. नाव बदललं की दामदुपट कुठे आड येते?

सावकाराचा विषय निघालाच आहे तर सुप्याचं नाव घ्यायलाच हवं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि पुणे-नगर भागातल्या गावागावांत ते लोण पसरलं. शाळेत आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ते शिकतो. पण त्यातली एक गोष्ट नीट शिकवली जात नाही. नेमलेल्या चौकशी आयोगाच्या लक्षात आलं, की दंगेखोरांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे हवाली केले तिथे सहसा मारहाण झाली नाही. ते जाळले आणि लोक घरी गेले. त्यांना ठाऊक होतं की आपण काय देणं लागतो हे वहीत लिहिलेलं आहे, वही सावकाराच्या घरी आहे आणि कोर्ट वहीवरच विश्वास ठेवतं.

१८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपासून सुरुवात. इंग्रज सरकारला रयतेचा कळवळा आला होता असं मी म्हणणार नाही, शांतता हवी होती. तरी कलमं पाहा. पैसे भरले की शेतकऱ्याला लेखी पावती. मागेल तर वर्षाकाठी हिशेबाचा उतारा. मागेल तर पासबुक आणि त्यात वेळोवेळी नोंद. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर कोर्टाने थांबायचं नाही. रोख्याच्या मागे जायचं, व्यवहार पहिल्यापासून कसा झाला ते तपासायचं. म्हणजे सावकाराच्या वहीला आपोआप खरं मानायचं नाही.

आज माझ्या वहीबाबत मला काय मिळतं? वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट, हा नियम २०१७पासूनचा. त्याहून जास्त वेळा पाहायचा तर वर्गणी भरा. तक्रार केली तर ३० दिवसांत निकाल. बँकेने २१ दिवसांत आपली माहिती सुधारून पाठवायची, उशीर झाला तर एप्रिल २०२४पासून दिवसाला १०० रुपये भरपाई. माझा अहवाल कुणी पाहिला तर मला एसएमएस. तरीही समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या. हे सगळं गेल्या आठ-दहा वर्षांत आलं आणि ते आलं हे चांगलं झालं.

पण शंभर रुपये कशाचे ते नीट वाचा. ते उशिराचे आहेत, चुकीचे नाहीत. बँकेने विसाव्या दिवशी ‘आमची नोंद बरोबर आहे’ एवढं एक वाक्य पाठवलं की तक्रार वेळेत निकाली निघाली. पुरावा जोडायची सक्ती नाही. शिवाय रक्कम पाहा. ४० लाखांचं गृहकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता सुमारे १,२७६ रुपयांनी वाढतो, आणि तोच फरक शेवटपर्यंत राहिला तर तीन लाखांहून जास्त जातात. त्यापुढे महिनाभराच्या उशिराचे तीन हजार रुपये. माहिती अचूक ठेवण्यात कसूर केली म्हणून जून २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांना दंड केला होता. चौघींचा मिळून साधारण एक कोटी. कोट्यवधी माणसांची पत मोजणाऱ्यांना तो जाणवलाही नसेल.

मला हवा असलेला बदल एका वाक्याचा आहे. ग्राहकाने नोंदीला हरकत घेतली की बँकेने ठरलेल्या मुदतीत कागद दाखवावा: सहीचा अर्ज, खरेदीचा तपशील, शुल्काला दिलेली संमती. दाखवता आला नाही तर नोंद आपोआप खोडली जावी, बँकेच्या होकाराची वाट न पाहता. हे काही स्वप्नरंजन नाही. जिथून हा स्कोअर आपल्याकडे आला त्या अमेरिकेत १९७०पासून पत-माहितीचा कायदा आहे, आणि हरकत घेतलेली माहिती साधारण तीस दिवसांत पडताळता आली नाही तर ती काढून टाकावी लागते. यंत्र आणलं, ब्रेक तिकडेच राहिला. तिकडे सगळं छान आहे असं नाही. याच कंपन्यांपैकी इक्विफॅक्सकडून २०१७मध्ये १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली. हरकतींचा मारा करून खऱ्या नोंदी पुसून देतो म्हणणारे दलालही तिथे आहेत. इथेही होतील. ‘सिबिल क्लिअर करून मिळेल’ अशी पत्रकं नाशकातल्या विजेच्या खांबांवर आत्ताच चिकटलेली आहेत. पण खऱ्या कर्जाचा कागद बँकेकडे असतोच, तो अपलोड करायला तिला काय कष्ट? जिचा कागद सापडत नाही तिनेच घाबरावं.

आपले राज्यकर्ते या प्रश्नाला हात घालतात तो वेगळ्याच टोकाने. पीककर्जाला सिबिल मागू नका, मागितलं तर गुन्हे दाखल करू, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५मध्ये बँकांना बजावलं. असा दम त्याआधीही दिला गेला होता. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात शाखेतला माणूस ‘सिबिल’ हा शब्द उच्चारत नाही इतकंच. सातबारा अपुरा आहे, कोटा संपला, पुढच्या आठवड्यात या. ज्या शेतकऱ्याचं जुनं कर्ज २०१७ किंवा २०१९च्या कर्जमाफीत मिटलं, त्याच्या वहीत काय लिहिलं गेलं हे सरकारने कधी गावनिहाय तपासलंय का? माफीच्या आशेने हप्ता थांबवला तेव्हाचे दिवस मोजले जातच होते. रक्कम सरकारकडून यायला उशीर झाला त्याचेही दिवस शेतकऱ्याच्याच खात्यावर. तडजोड करून मिटवलं तर ‘सेटल्ड’, आणि बँकवाल्यांच्या भाषेत ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण न दिलेलं. दम देण्यापेक्षा त्या ओळी दुरुस्त करून घेणं कितीतरी उपयोगी पडलं असतं, पण त्याला टाळ्या पडत नाहीत.

आणि वही आता बँकेबाहेर पडली आहे. सरकारी बँकांतल्या भरतीत उमेदवाराचा पत-इतिहास पाहिला जातो. स्टेट बँकेने या कारणावरून एकाची नेमणूक रद्द केली आणि जून २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. अर्ज करताना माझ्यावर थकबाकी नव्हती, हा त्याचा युक्तिवाद टिकला नाही. त्याआधी २०२३मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मात्र शैक्षणिक कर्जाबाबत उलट भूमिका घेतली होती: कमी स्कोअर आहे म्हणून विद्यार्थ्याला कर्ज नाकारता येणार नाही. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात तर मुलाचं सिबिल पाहून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडल्याची बातमी २०२५च्या फेब्रुवारीत आली. त्यावर खूप हसलो आपण. मला त्या मुलाची थकबाकी खरी होती की नाही ते माहीत नाही आणि त्या मंडळींनाही माहीत असायचं कारण नाही. त्यांच्यापुढे एक कागद होता. पूर्वी स्थळाची चौकशी करताना निदान दोन शेजाऱ्यांना विचारायचे, त्यांतला एखादा भल्याचं बोलायचा.

या सगळ्यात देशातल्या क्रेडिट कार्डांनी २०२४च्या सुरुवातीलाच दहा कोटींचा आकडा ओलांडला. माझ्या वर्गातल्या, पहिल्या पगाराची वाट पाहणाऱ्या मुलामुलींना कार्डवाल्यांचे फोन येतात. विमानतळावरचा लाउंज फुकट, सिनेमाचं तिकीट एकावर एक. त्यांना मी कार्ड घेऊ नका म्हणत नाही. पूर्ण बिल दर महिन्याला भरणाऱ्याला ते सोयीचंच असतं. बंद करायची वेळ आली तर फोनवर नव्हे, ईमेलवर कळवा, आलेलं उत्तर जपून ठेवा आणि ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं, पत्र घेतल्याशिवाय कात्रीला हात लावू नका, एवढं सांगते. परवा एका मुलीने विचारलं, “मॅम, पण ते पत्र सात वर्षं सांभाळायचं?” मी हो म्हटलं. बँकेला तिचं रेकॉर्डिंग सांभाळता येत नाही, पण तुला सांभाळावं लागेल.

दर जानेवारीत मी माझे फुकटचे चार अहवाल काढते. चौघींचे चार आकडे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एकात माझं माहेरचं आडनाव आहे, एकात आम्ही २०११मध्ये सोडलेला पत्ता. यंदा पत्त्याला हरकत घेतली. अठराव्या दिवशी उत्तर आलं: संबंधित बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.